पुरुषांच्या पेहरावावरचं मराठी मासिक कोल्हापुरातून काढतोय: बाइंडिंग, नोंदणी, फोटो आणि पहिल्या अंकातला मजकूर

राजारामपुरी_८वी_गल्ली

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून पुरुषांच्या कपड्यांवर आणि एकूण राहणीवर मराठीत छापील मासिक सुरू करतोय. इंग्रजीत असली मासिकं आहेत, पण त्यातला सूट मिलानचा, घड्याळ स्वित्झर्लंडचं आणि किंमत वाचली की पान उलटायचं. आमचा वाचक इचलकरंजीचं शर्टिंग घेऊन शिंप्याकडे जातो, भावाच्या लग्नात फेटा बांधतो आणि सोमवारी शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामावर असतो.

आत्तापर्यंत ठरलेलं असं: आकार साडेआठ बाय अकरा इंच, ६४ पानं अधिक कव्हर, आतला कागद ९० जीएसएम (दर चौरस मीटरला ९० ग्रॅम) ग्लॉसी आर्ट, सगळं चाररंगी, पहिल्या अंकाच्या १००० प्रती. परफेक्ट बाइंडिंग (डिंकाने चिकटवलेली चपटी पाठ) हवं, म्हणजे कपाटात उभं ठेवलं की पाठीवर नाव दिसेल. अंक तुळशीच्या लग्नाआधी बाजारात आला पाहिजे, कारण त्यानंतर लगीनसराई आणि जाहिरातदार त्याच हिशेबाने बोलतायत.

दोन प्रेसचे दर आले, त्यांत जवळपास दीडपट फरक आहे. का, ते कळत नाही. नोंदणीचं नक्की काय करायचं? कपड्यांचे फोटो छापल्यावर रंग का बदलतात? आणि पहिल्या अंकात काय असावं म्हणजे माणूस दुसरा विकत घेईल? लाँचिंगच्या कार्यक्रमाबद्दल विचारत नाही, हॉल मिळालाय.

---

चौथा_फॉर्मा

आधी पाठीचं बोलू, कारण तुमचं सगळं गणित तिथंच अडतंय. ६४ पानं म्हणजे ३२ पत्रं. ९० जीएसएम ग्लॉसी आर्टचं एक पत्र साधारण ०.०७ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे पाठ सव्वादोन मिलिमीटर. परफेक्ट बाइंडिंगला किमान ३ आणि निर्धास्त काम व्हायचं तर ४-५ मिलिमीटर लागतात. त्याखाली डिंकाला धरायला जागा मिळत नाही, आर्ट पेपरच्या गुळगुळीत लेपावर तो तसाही कमी चिकटतो, आणि सलूनमध्ये चार जणांनी अंक सपाट उघडला की मधली पानं हातात येतात. शिवाय कव्हरची घडी अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे सरकतेच, त्यामुळे दोन मिलिमीटरच्या पाठीवरचं नाव निम्म्या प्रतींत पुढच्या कव्हरवर सांडलेलं दिसेल.

यातून मार्ग दोनच. ६४ पानं ठेवा आणि सरळ सेंटर पिन मारा, म्हणजे मधल्या घडीवर तारेच्या पिना. किंवा ९६ पानं १३० जीएसएमवर घ्या, तेव्हा पाठ पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास जाते. माझं मत सेंटर पिन. दर महिन्याला ९६ पानांचा चांगला मजकूर आणणं तीन माणसांचं काम नव्हे.

सेंटर पिनमध्ये एक गोष्ट डिझाइनरला सांगा. १६ घड्या एकात एक बसल्या की आतल्या घड्या बाहेर सरकतात, मधल्या पानाला हा सरक मिलिमीटरभर होतो आणि कटिंगमध्ये तेवढं पान जातं. पानाचा आकडा किंवा फोटोओळ बाहेरच्या कडेपासून ८ मिलिमीटरच्या आत नको.

आता कागद. २३ बाय ३६ इंचाचा ताव तीनदा घडी घातला की १६ पानांचा फॉर्मा होतो आणि छाटून बरोबर साडेआठ बाय अकरा मिळतं, आकार चांगला निवडलाय. ६४ पानं म्हणजे ४ फॉर्मे, १००० प्रतींना ४००० ताव. प्रत्येक फॉर्म्याला रंग जुळेपर्यंत दीडशे-दोनशे ताव वाया जातात, तेव्हा साडेनऊ रीम (५०० तावांची एक) धरा. या मापाची ९० जीएसएमची रीम २४ किलोची, म्हणजे २२८ किलो. कागदाचा त्या दिवसाचा किलोचा भाव विचारा आणि गुणाकार स्वतः करा. कोटेशनमधला कागदाचा आकडा याच्याशी जुळला नाही तर जीएसएम कमी धरलाय किंवा वेस्टेज फुगवलंय.

दीडपट फरक बहुतेक मशीनच्या मापामुळे असेल. २८ बाय ४० च्या मशीनवर पूर्ण ताव एका दमात जातो: दर बाजूला प्रत्येक रंगाची एक छपाईची प्लेट, म्हणजे एका फॉर्म्याला दोन्ही बाजू मिळून ८ प्लेटा, चारला ३२. १९ बाय २६ च्या मशीनवर ताव अर्धा करून चालवावा लागतो, प्लेटा ६४ होतात आणि मशीनवर चढवणंही दुप्पट. म्हणून दर विचारण्याआधी मशीनचं माप विचारायचं. प्लेटांचा आणि चढवण्याचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच, त्यामुळे ५०० प्रती काढल्या म्हणून बिल निम्मं होणार नाही.

कव्हर २५० जीएसएम पुरे. कागदाचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा. आडवा आला तर घडीवर लेप फुटतो आणि गडद कव्हरवर पांढरी रेघ दिसते. घडीआधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) करून घ्या. मॅट लॅमिनेशनवर काळं कव्हर फोटोत देखणं आणि हातात बोटांच्या ठशांनी भरलेलं. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेलं कव्हर आपल्या पावसाळ्यात वळतं, कारण उघडी बाजू ओल पिऊन फुगते आणि प्लास्टिकची बाजू तेवढीच राहते. जून ते सप्टेंबरच्या अंकांचे गठ्ठे वजनाखाली ठेवा आणि प्लास्टिकमध्ये बांधूनच बाहेर काढा.

---

नोंदणीवही

पूर्वीचा १८६७ चा कायदा गेला. आता प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम २०२३ लागू आहे, १ मार्च २०२४ पासून. जुन्या लेखांत आरएनआय (वृत्तपत्र निबंधक) वाचाल, ते कार्यालय आता पीआरजीआय, म्हणजे प्रेस रजिस्ट्रार जनरलचं. आधी शीर्षक, मग कलेक्टरसमोर डिक्लरेशन, मग परत दिल्ली, हा फेरा संपला. प्रेस सेवा पोर्टलवर एकच ऑनलाइन अर्ज करायचा, तो शीर्षकासह प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे एकाच वेळी जातो. जिल्ह्याकडून ६० दिवसांत हरकत किंवा ना-हरकत यायची असते.

नावावर लोक अडकतात. मराठीत देशात कुठेही त्या नावाचं किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं नियतकालिक असेल तर नाव मिळत नाही. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तरीही नाही. 'रुबाब', 'ऐट', 'थाट' हे तुमच्याआधी शंभर जणांना सुचलेलं असतं. पोर्टलवर शोध घेऊन मगच लोगो करायला द्या. मंजुरीआधी छापलेलं लेटरहेड आणि हॉलचा बॅनर रद्दीत जातो.

प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छपाई व प्रकाशनाची ठिकाणं हवीत. प्रेस बदलली की तो तपशील पोर्टलवरही बदलायचा. कोल्हापुरातून प्रकाशित आणि पुण्यात छापलेलं चालतं, पण या तपशिलाच्या ओळीत (इम्प्रिंट लाइन) खरं तेच लिहा.

मासिक की त्रैमासिक हे ठरवताना टपाल लक्षात घ्या. नोंदणीकृत वृत्तपत्राचा सवलतीचा टपाल दर दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर असेल तर मिळत नाही. त्रैमासिक काढलंत की ही सवलत गेली. पुस्तकांसाठीच्या नव्या ज्ञानपोस्ट टपालसेवेत नियतकालिकं बसत नाहीत. तुमची ६४ पानी प्रत कव्हरसह २०५ ग्रॅमच्या आसपास भरेल, पाकीट वेगळं. वर्गणीचा आकडा ठरवण्याआधी या वजनाचा दर टपाल कार्यालयात विचारून घ्या.

बारकोडसाठी आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. नियतकालिकाचा बारकोड ९७७ ने सुरू होतो, पुढे आयएसएसएनचे पहिले सात अंक आणि शेजारी अंकाच्या क्रमांकाचा छोटा दोन अंकी कोड.

कराचं थोडक्यात: छापील मासिकाच्या विक्रीवर जीएसटी शून्य, मग आत जाहिराती असल्या तरी. छापील जाहिरातीची जागा विकली की ५ टक्के, तीच जाहिरात वेबसाइटवर विकली की १८ टक्के. जाहिरातदाराला 'छापील अधिक इन्स्टाग्राम' असं एकत्र पॅकेज देणार असाल तर बिलात दोन ओळी वेगळ्या दाखवा.

---

रंकाळा_पाळी

आवो, म्हयन्याला काढायचंच कशाला? सवलतीच्या चार पैशासाठी बारा अंकांचा गळफास लावून घ्यायचा व्हय? वर्साला तीन काढा: दिवाळी, पाडवा आणि एक पावसाळ्यात. जाहिरातवाला बी त्याच वक्ताला खिसा उघडतोय.

---

नोंदणीवही

मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही. पण वर्षाला तीन अंक म्हणजे वितरक तुम्हाला नियमितांत धरणार नाही आणि वर्गणी विकणं जवळजवळ अशक्य. माझ्या मते नोंदणी मासिकाची करायची असेल तर आधी तीन अंकांचा मजकूर तयार पाहिजे, नाहीतर द्वैमासिकाची करा आणि टपालाचा तोटा किमतीत धरा. मासिकाची नोंदणी करून तीन-तीन महिने अंक न काढणं, हा सगळ्यात वाईट पर्याय.

---

अठरा_टक्के_करडा

फोटोबद्दल. कॅमेरा आणि स्क्रीन दाखवतात ते सगळे रंग छपाईच्या चार शायांत (निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी, काळी) बसत नाहीत. कपड्यांच्या मासिकाला हे जास्त छळतं, कारण वाचक तोच रंग दुकानात शोधणार असतो.

नेव्ही ब्लू सूट छपाईत जांभळा येतो. सायन आणि मॅजेंटा जवळजवळ सारखे पडले की हे होणारच. सूटच्या भागात सायन मॅजेंटापेक्षा निदान ३० टक्क्यांनी जास्त ठेवा. काळा बंदगळा: चारही शायांची बेरीज ३०० टक्क्यांवर गेली की शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग उठतो. बेरीज खाली आणताना खिशाची शिवण, बटणपट्टी, कॉलरची कड यांत फरक दिसतोय ना ते बघा, नाहीतर छापून येतो तो काळा ठोकळा. पांढरा नेहरू शर्ट याच्या उलट. सगळ्यात उजळ भागातही ३ ते ५ टक्के शाईचा ठिपका राहिलाच पाहिजे. तो शून्य झाला की खांदा कागदात विरतो आणि शर्टाला कडच उरत नाही.

बारीक चौकडी आणि पिनस्ट्राइप ही इचलकरंजीच्या शर्टिंगची खासियत, आणि मोआरेचंही हक्काचं ठिकाण. कापडाची वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर येऊन इंद्रधनुषी लाटा दिसतात. कॅमेरा फूट-दीड फूट पुढेमागे करा किंवा कोन थोडा बदला. शूटच्या जागीच १०० टक्के मोठं करून बघायचं, कारण नंतर ते पूर्ण जात नाही. छपाईतल्या ठिपक्यांच्या जाळीमुळे येणारा मोआरे वेगळा, तो फक्त प्रूफवर (छपाईच्या नमुन्यावर) कळतो.

पूर्ण उंचीचा फोटो घेताना कॅमेरा कंबरेच्या उंचीवर, लेन्स फुल फ्रेमवर ५० मिलिमीटरच्या खाली नको. डोळ्याच्या उंचीवरून वाइड लेन्सने घेतलं की डोकं मोठं, पाय आखूड आणि पँटची लांबी खोटी. पूर्ण पानाला ३ मिलिमीटर ब्लीडसह (कटिंगमध्ये जाणारी जादा कड) ३०० डीपीआयला साधारण २६२० बाय ३३७० पिक्सेल लागतात, जोडपानाला ५१७० बाय ३३७०. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो पाव पानापलीकडे नेऊ नका.

प्रत्येक सेटच्या पहिल्या फोटोत ग्रे कार्ड (रंग जुळवायला वापरतात ते करडं कार्ड) धरा. रंकाळ्यावर संध्याकाळच्या उन्हात चेहरे छान दिसतात, पण त्या उन्हात क्रीम आणि पांढरा एकच होतो. कपड्याचा रंग हाच विषय असेल तर ढगाळ सकाळ किंवा उघड्या सावलीतला उजेड घ्या.

कपडे वाफेने सरळ करा. थेट इस्त्री फिरवली तर गडद ट्राउझरवर शिवणीपाशी चकाकी उठते आणि ती फ्लॅशमध्ये दुप्पट दिसते. मागून पिना लावून शर्ट अंगाबरोबर केला असेल तर फिटिंगवरच्या लेखात तो फोटो वापरू नका. उसन्या आणलेल्या नव्या चपला-बुटांच्या तळाला मास्किंग टेप लावा, नाहीतर दुकानदार परत घेणार नाही. घेताना प्रत्येक वस्तूची यादी, किंमत आणि आधीचे डाग लिहून दोघांच्या सह्या.

कागदपत्रं: मॉडेलची लेखी संमती आणि फोटोग्राफरशी लेखी करार. कॉपीराइट कायद्यात असं आहे की हक्क दिल्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. छापील अंक, वेबसाइट, सोशल मीडिया आणि पुढे कधी पुस्तक काढाल ते, सगळं नावानिशी लिहा.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली

सेंटर पिनवर आलो, पाठीवरच्या नावाचा हट्ट सोडला. मशीनचं मापही विचारलं, स्वस्त दर २८ बाय ४० वाल्यांचाच निघाला. आता मजकुराबद्दल कुणीतरी बोला. आमच्या यादीत सध्या कव्हर स्टोरी लग्नाच्या पेहरावावर, एक लेख शर्ट शिवून घेण्यावर, एक कोल्हापुरी चपलेवर.

---

मुंढा_आणि_गळा

शर्टाचा लेख आकड्यांचा करा, नाहीतर 'अंगाला बसेल असा शिवा' हे कुणीही सांगतं. ५८ इंच पन्ह्याला फुल शर्टाला १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर. ३६ इंची पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर. चौकडी असेल तर खिसा आणि पुढचे दोन भाग जुळवायला १५-२० सेंटिमीटर जादा. उंच किंवा भरल्या अंगाच्या माणसाने शिंप्याला विचारून मग कापड फाडून घ्यावं.

सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. २८ इंचाच्या उंचीवर ते इंचभर ते जवळजवळ दीड इंच होतं. म्हणून शिवण्याआधी रात्रभर पाण्यात, सावलीत वाळवून, इस्त्री करून मग शिंप्याकडे. कॉलरवर बुडबुडे येतात त्याचं मूळही इथंच: वरचं कापड आटतं, आतलं फ्यूजिंग (उष्णतेने चिकटवलेलं कडक अस्तर) आटत नाही, दोघांची फारकत होते. कमी तापमानाला घाईत चिकटवलेलं फ्यूजिंगही असंच सुटतं. वाचकाला याची परीक्षा सांगा: कॉलर दोन बोटांत धरून चोळली आणि दोन थर वेगळे सरकले, तर ती पुढच्या चार धुण्यांत फुगणार.

आपल्याकडे तालमीत घडलेली अंगं बरीच. छाती ४४, कंबर ३४ अशा माणसाला तयार शर्ट छातीला बसला की पोटावर तंबू होतो. अशांसाठी मागे दोन डार्ट (शिवून आत घेतलेल्या चुण्या), प्रत्येकी पाऊण ते एक इंच, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, उंच. मुंढा खोल ठेवला की हात वर करताना सगळा शर्ट पँटीतून बाहेर येतो. लोकांना वाटतं उलटं, की खोल मुंढा म्हणजे मोकळा हात. हे चित्र काढून दाखवा, फोटोत कळणार नाही. आणि हा लेख पहिल्याच अंकात घ्या. इतर कुठलं मासिक हे छापणार नाही, कारण त्यांचा नमुनाच सहा फुटी सडपातळ.

चपलेवर लिहिताना नावाची शिस्त पाळा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. मानांकन दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे एकत्रित आहे, तेव्हा 'फक्त आपली' असा सूर लावला तर बेळगावकडच्या अथणीचा कारागीर पहिलं पत्र पाठवेल, आणि बरोबर पाठवेल. जून २०२५ मध्ये मिलानच्या पुरुषांच्या शोमध्ये प्राडाने तशाच घाटाच्या चपला श्रेय न देता दाखवल्या आणि ओरड झाल्यावर प्रेरणा इथली असल्याचं मान्य केलं. या प्रकरणावर सगळ्यांनी लिहून झालंय. तुम्ही चार ओळींत आटपा आणि जागा चपलेलाच द्या: बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कान, अंगठा, वेणी, चामड्याच्या वादीची शिवण. रेक्झिनच्या चपलेची जाहिरात 'कोल्हापुरी' नावाने आली तर ती घेऊ नका. त्याच अंकात खरी कशी ओळखावी हे छापणार आणि समोरच्या पानावर ती, असं दिसायला नको.

शूटला एक सूचना. चपलेला फोटोच्या दिवशी तेल लावू नका. तेलाने कातडं दोन छटा गडद होतं, आणि दुकानात वाचकाला तो रंग मिळत नाही. निगेच्या चौकटीत लिहा: भिजली तर सावलीत, आडवी ठेवून वाळवायची. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली की तळ आखडतो आणि अंगठ्यापाशी चीर पडते. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा हलका हात.

लग्नाच्या कव्हर स्टोरीत शेरवानीला किती पानं देताय? भाड्याने आणलेली शेरवानी एका दिवसाची. त्याच खर्चात शिवलेला बंदगळा पुढे दहा समारंभांना चालतो. दोन्हींचा खर्च समोरासमोर मांडा, शहरातल्या दुकानांतून त्या महिन्याचे दर घेऊन.

---

चौथा_फॉर्मा

जाहिरातींसाठी एक चौकट आधीच ठरवा: ६४ पैकी २४-२५ पानांपेक्षा जास्त जाहिराती नकोत. पैसे घेऊन लिहिलेल्या पानावर 'जाहिरात' हा शब्द वाचता येईल अशा आकारात हवा. बॅक कव्हर आणि दुसरं कव्हर (पुढच्या कव्हरची आतली बाजू) पहिल्या तीन अंकांसाठी एकदम विका, एकेका अंकाला विकत बसलात तर दर महिन्याला शेवटच्या दिवशी कव्हर रिकामं असतं.

विक्रीची किंमत ठरवताना उलटा हिशेब करा. समजा किंमत १०० आणि विक्रेता-वितरक मिळून ३५ टक्के, तर तुमच्या हाती ६५. हजारातल्या ३५० प्रती परत आल्या तर ४२,२५०. छपाईचं बिल त्यापेक्षा जास्तच असणार, फरक जाहिरातीतून यायला हवा. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनचे स्टॉल सोडू नका, पण शंभरएक प्रती सलून आणि टेलरच्या दुकानांत फुकट ठेवा. तिथं माणूस अर्धा तास बसतो आणि विषयही तोच असतो.

फाइल देताना: पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. लेखक युनिकोडमध्ये पाठवणार आणि डिझाइनर जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फाँटमध्ये लावणार असेल तर कन्व्हर्टरनंतर पुन्हा मुद्रितशोधन, आधीचं धरायचं नाही. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चार शायांचा काळा गेला तर रजिस्टर (चार रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं तरी सगळी अक्षरं धूसर दिसतात. काळ्या पानावर पांढरी अक्षरं घ्यायचीच असतील तर ११ पॉइंटच्या खाली नको आणि वजन जाड, नाहीतर अनुस्वार भरून जातात.

तुळशीच्या लग्नाआधी दहा दिवस अंक स्टॉलवर हवा असेल तर छपाई, वाळणं, घडी, पिन, कटिंग यांना दहा-बारा दिवस धरा. दिवाळीत प्रेसला सुट्टी आणि त्याआधी दिवाळी अंकांची गर्दी, त्यामुळे तुमची फाइल घटस्थापनेपर्यंत प्रेसमध्ये पोहोचली पाहिजे आणि मशीनची तारीख आत्ताच लिहून घ्या. कव्हर छापताना प्रेसवर स्वतः उभे राहा. सूटच्या कापडाचा तुकडा खिशात घेऊन जा आणि पहिल्या चांगल्या तावाशेजारी धरून बघा, मगच सही.